आईची शुगर, विमा नाही, रेशन कार्ड गावी: पुण्यात परवडणारे उपचार कुठे मिळतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे वडगाव बुद्रुकला भाड्याने राहतात आणि डिलिव्हरीचं काम करतात. वडील एका मोठ्या सोसायटीत वॉचमन आहेत, आई चार घरची कामं करते. सहा महिन्यांपूर्वी आईला शुगर निघाली. जवळच्या खासगी दवाखान्यात दर वेळी तपासणी, रक्त आणि गोळ्या मिळून हजाराच्या आसपास जातात, म्हणून आईने दोन महिन्यांपासून गोळ्या बंद केल्या आहेत. विमा नाही, रेशन कार्ड उदगीरकडच्या गावी आहे. त्यांनी विचारलंय, "पुण्यात गरिबाला परवडेल असा चांगला दवाखाना कुठला?"

मी बावीस वर्षं पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. बिल भरता येत नाही असं कळलं की पेशंटच्या नातेवाइकांना ज्या टेबलाकडे पाठवतात, त्या टेबलाच्या अलीकडे मी बसते. मी डॉक्टर नाही. त्यामुळे कोणती गोळी घ्यायची हे मी सांगणार नाही, ती कुठून मिळवायची तेवढं सांगते.

दादा, तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: आईने गोळ्या बंद केल्या. बाकी सगळं त्यानंतर येतं. मागच्या पावसाळ्यात पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या एक मावशी माझ्यासमोर बसल्या होत्या. चपलेचा पट्टा लागून पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि दोन आठवड्यांत अंगठा काळा पडला होता. त्यांनी कमरेच्या पिशवीतून तंबाखूची रिकामी डबी काढली. आत शुगरच्या गोळ्यांचे अर्धे तुकडे होते, विळीवर कापलेले, थोडे चुरा झालेले. मला म्हणाल्या, "ताई, अर्धी घेतली की पट्टी दुप्पट चालते." त्यांचं ॲडमिशन सरकारी योजनेत बसलं, एक रुपया लागला नाही. पण अंगठा काढावा लागला. त्यांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर महापालिकेचा दवाखाना होता आणि त्याच गोळ्या तिथे मिळत होत्या. तिथे जावं असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे मी दोन भाग करते. एक, दर महिन्याचा खर्च: डॉक्टर, रक्त, गोळ्या. दुसरा, एखाद्या दिवशी ॲडमिट करावं लागलं तर येणारा मोठा खर्च. या दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. बहुतेक सरकारी योजना फक्त दुसऱ्या खर्चासाठी आहेत. लोक योजनेचं कार्ड काढतात, ते घेऊन ओपीडीत जातात, "याच्यात बसत नाही" असं ऐकून परत येतात आणि मग सगळ्याच योजनांवरचा त्यांचा विश्वास उडतो.

पण त्याआधी मला एक विचारायचंय. तुमच्याकडे विमा नाही हे नक्की का? वडील वॉचमन आहेत म्हणजे बहुधा कुठल्यातरी सिक्युरिटी एजन्सीमार्फत असतील. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या अशा एजन्सीला, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पंधरा हजार पगार असेल तर कपात साधारण एकशे तेरा रुपयांची. स्लिपवर "ईएसआयसी" असं लिहिलेलं असतं, पण स्लिप मागतो कोण? माझ्यासमोर बसून "आम्हाला काहीच नाही हो" म्हणणाऱ्या कितीतरी वॉचमन, हाउसकीपिंग आणि कँटीनवाल्यांच्या नावावर ईएसआयचा नंबर निघालेला मी पाहिलाय.

हा नंबर निघाला तर तुमचा प्रश्न जवळजवळ सुटला. कारण ईएसआय ओपीडीलाही चालतो, ॲडमिशनलाही चालतो, आणि त्यात बायको येते. म्हणजे वडिलांच्या नंबरवर आईच्या महिन्याच्या गोळ्यासुद्धा मिळतील. ईएसआयचं रुग्णालय बिबवेवाडीत आहे, चिंचवडला मोहननगरमध्येही आहे, शिवाय ठिकठिकाणी त्यांचे दवाखाने आहेत. वडिलांना सुपरवायझरकडून इन्शुरन्स नंबर मागायला सांगा. "कार्ड द्या" म्हटलं की टाळाटाळ होते, "माझा आयपी नंबर (म्हणजे हाच इन्शुरन्स नंबर) सांगा" म्हटलं की समोरच्याला कळतं की या माणसाला माहिती आहे. नंबर मिळाला की ई-पहचान कार्डाची प्रिंट काढा आणि त्यात आईचं नाव आहे का ते बघा. नसेल तर आधी ते घालून घ्या. पगारातून पैसे कापले जात असतील आणि नंबर दिला जात नसेल, तर थेट ईएसआयसीच्या कार्यालयात लेखी तक्रार करा.

ईएसआय नाही असं गृहीत धरून पुढे जाऊ. महिन्याच्या उपचारासाठी "सगळ्यात चांगला" दवाखाना शोधू नका, आईला न चुकता जाता येईल असा शोधा. शुगरच्या पेशंटचं नुकसान साध्या डॉक्टरमुळे फारसं होत नाही, खंड पडल्यामुळे होतं. तुमच्या भागात सिंहगड रस्त्याला महापालिकेचा लायगुडे दवाखाना आहे. पहिली भेट तिथे द्या. नाममात्र पैशांत केसपेपर निघतो, बीपी-शुगर बघतात, नेहमीच्या गोळ्या तिथूनच मिळतात. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अम्लोडिपिन यांसारख्या गोळ्या सरकारी यंत्रणेच्या रोजच्या वापरातल्या आहेत. साठा कधी कधी संपतो, हे खरं आहे. म्हणून घरात शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नका, आठ दिवसांच्या शिल्लक असतानाच जा.

तुम्ही महापालिका हद्दीच्या बाहेर, म्हणजे खडकवासल्याच्या पुढे राहत असता, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा म्हटलं असतं. औंध-सांगवीकडे असता तर औंधचं जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालंय, आणि औंध त्यात येतं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे तो निर्णय तिथे तसाच लागू नाही. तिथे थोडं शुल्क लागतं, पण ते खासगीच्या तुलनेत फारच कमी आहे. पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्यांसाठी संत तुकाराम नगरचं वायसीएम हे तिथल्या महापालिकेचं रुग्णालय आहे. कोण कुठे राहतं यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून शेजाऱ्याला जिथे फुकट मिळालं तिथेच आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका.

वर्षातून एकदा मात्र आईला मोठ्या ठिकाणी न्यायलाच हवं. तीन महिन्यांची सरासरी साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवी, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, पायाच्या संवेदनेची तपासणी. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात किंवा ससूनला जा. ससूनबद्दल एक आतली गोष्ट सांगते. मेडिसिनची ओपीडी युनिटमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक युनिटचे वार ठरलेले असतात. पहिल्यांदा ज्या वारी गेलात त्याच वारी पुढच्या वेळीही गेलात तर डॉक्टरांची तीच टीम भेटते, आणि पहिल्यापासून कहाणी सांगावी लागत नाही. केसपेपरवर युनिट लिहिलेलं असतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सकाळी लवकर रांगेत उभे राहा. आईच्या डब्यात चपाती-भाजी द्या, कारण रक्त दिल्यावर शुगरच्या माणसाने उपाशी ताटकळणं बरं नाही. आणि एक रोजंदारी बुडेल हे धरूनच जा. तो खर्च खरा असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. लोकांना सरकारी रुग्णालय नको असतं असं नाही, एका खेपेत काम होईल याची खात्री नसते म्हणून ते पाचशे रुपये उसने घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातात. म्हणून सांगते, सगळे जुने रिपोर्ट एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावा. मागचा रिपोर्ट हातात नसला की तीच तपासणी पुन्हा लिहिली जाते.

बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली तर जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात जा. तिथे ब्रँडचं नाव सांगून उपयोग नसतो, औषधाचं मूळ नाव लागतं. डॉक्टरांना नम्रपणे म्हणा, "सर, औषधाचं मूळ नाव लिहून द्या, जनऔषधीतून घेणार आहे." रोजच्या गोळ्या तिथे ब्रँडच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही स्वस्त मिळतात. तुम्हाला खासगी डॉक्टरच सोयीचे वाटत असतील तरी हे करता येतं: तपासणी त्यांच्याकडे, गोळ्या जनऔषधीतून. कामाच्या वेळेमुळे सकाळची ओपीडी जमतच नाही अशा घरांना मी हीच वाट सुचवते.

आणि कृपा करून अशक्तपणा आला म्हणून सलाईन लावून घेऊ नका. वस्त्यांमधल्या दवाखान्यांत तीनशे-चारशे रुपयांत "ताकदीची बाटली" लावतात. साध्या थकव्यावर तिचा उपयोग नाही, आणि शुगरच्या माणसाला ग्लुकोजची बाटली लावली तर साखर आणखी चढते. त्याच पैशांत दोन-तीन महिन्यांच्या साध्या गोळ्या येतात. यावर मी प्रत्येक घराशी भांडते, तुमच्याशीही भांडले असते.

आता ॲडमिशनचं. इथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तुमच्या कामाची आहे. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, म्हणून जुनी माणसं अजून "जीवनदायी"च म्हणतात. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू झाली आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये झाली. तुमचं उदगीरचं कार्ड पुण्यात चालतं. महाराष्ट्रातलं कुठलंही कार्ड राज्यभर चालतं. फक्त त्या कार्डात आईचं नाव हवं आणि ते आधारवरच्या नावाशी जुळायला हवं. गावच्या कार्डात "सुमनबाई" आणि आधारवर "सुमन", एवढ्यावरून मी दोन-दोन दिवस घालवलेत.

ही योजना फक्त यादीतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या आजारांसाठी चालते, आणि आधी मंजुरी घ्यावी लागते. रुग्णालयाच्या दाराशी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं. रिसेप्शनवर जायच्या आधी त्या टेबलावर जा. मागे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुसऱ्या एका रुग्णालयात झालं होतं. तिथे कुणी योजनेबद्दल बोललं नाही, यांनीही विचारलं नाही, आणि कानातलं मोडून बिल भरलं. डिस्चार्जनंतर पावत्या घेऊन ते माझ्याकडे आले होते. मला त्यांना सांगावं लागलं की या योजनेत भरलेले पैसे परत मिळत नाहीत. त्या पावत्यांची घडी करून त्यांनी खिशात ठेवली, ते मला अजून दिसतं. म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा. तातडीची केस असेल तर रुग्णालय योजनेला फोनवरून कळवून उपचार सुरू करू शकतं, कागद मागाहून दिले तरी चालतात. "आधी कार्ड आणा, मग बघू" असं कुणी म्हणालं तर हे त्यांना सांगा. मदतीसाठी १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे योजनेचे नंबर आहेत. घरात सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचं वेगळं ५ लाखांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे.

आजार योजनेत बसला नाही तर तिसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची, आणि हे माझं रोजचं काम. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक रुग्णालय आपल्या बिलातले २ टक्के एका वेगळ्या निधीत टाकतं. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. केईएम, पूना हॉस्पिटल, दीनानाथ मंगेशकर, रुबी हॉल, जहांगीर, बुधरानी, ही नावं पुणेकर "मोठ्यांची हॉस्पिटलं" म्हणून ओळखतात, पण ती धर्मादाय आहेत. तिथे जाणं हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते. निधी संपलाय, खाट रिकामी नाही, हे तुम्हाला ऐकायला मिळेल. कधी ते खरं असतं. महिनाअखेरीला माझ्याही निधीत खडखडाट असतो आणि समोर तीन घरं बसलेली असतात. कधी ते पूर्ण खरं नसतं. अशा वेळी आवाज चढवू नका. बिलिंगच्या खिडकीवर भांडण्यापेक्षा समाजसेवा विभाग विचारा, साध्या कागदावर अर्ज लिहा, पोच घ्या. लेखी अर्ज आला की तो टाळणं अवघड जातं आणि तिथूनच गोष्टी हलायला लागतात. तरी दाद मिळाली नाही तर पुण्यातल्या सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. तातडीच्या रुग्णाकडून अनामत न मागता त्याला दाखल करून स्थिर करायचं, हेही त्याच योजनेत लिहिलेलं आहे. आणि अर्ज ॲडमिशनच्या दिवशीच द्या. डिस्चार्जच्या दिवशी चार लाखांचं बिल हातात घेऊन येणाऱ्या माणसासाठी माझ्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

महापालिकेची शहरी गरीब योजनाही आहे, महापालिका हद्दीतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. तीत बिलाचा निम्मा भाग, साधारणपणे १ लाखापर्यंत, महापालिका उचलते. पुण्यातला रहिवासाचा पुरावा लागतो. भाड्याने राहणाऱ्यांचं घोडं तिथेच अडतं, म्हणून भाडेकरार नोंदवलेला असू द्या. मुख्यमंत्री सहायता निधी आणि देवस्थानांची मदत अगदी मोठ्या खर्चासाठी आणि शेवटी, त्यावर विसंबून ॲडमिशन ठरवू नका.

या सगळ्या वाटांवर दोनच कागद पुन्हा पुन्हा मागितले जातात: रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. हे दोन्ही आई धडधाकट असतानाच करून ठेवा. गावच्या कार्डात तुमचं, आईचं, वडिलांचं नाव आहे का, केवायसी झालीय का, ते भावकीतल्या कुणालातरी रेशन दुकानात पाठवून आजच विचारा. दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतो, खर्च किरकोळ आहे, पण वेळ लागतो. पेशंट आयसीयूत आणि मुलगा सेतूच्या रांगेत, हे चित्र मी आठवड्यातून एकदा तरी बघते.

काही गोष्टींत स्वस्त-महाग बघायचं नाही. छातीत दुखणं, दम लागणं, अचानक बोलताना जीभ अडखळणं, डोळ्यांपुढे अंधारी, खूप तहान लागून उलट्या आणि गुंगी. १०८ ला फोन करा, ती गाडी मोफत आहे, आणि सर्वांत जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. कागदांचं नंतर बघता येतं. ससूनला रात्री-अपरात्री थांबावं लागलं तर जेवणाची काळजी करू नका, दगडूशेठ गणपती ट्रस्टकडून तिथे रुग्णांना जेवण मिळतं, नातेवाइकांचीही सोय वॉर्डातल्या सिस्टरना विचारून होते.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर या सोमवारी सकाळी आईला घेऊन लायगुडे दवाखान्यात जा. जुनी चिठ्ठी, जुना रिपोर्ट आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी, आहे तशी, बरोबर न्या. दोन महिने गोळ्या बंद होत्या हे डॉक्टरांना लपवू नका. आई स्वतः सांगणार नाहीत, त्यांना वाटेल डॉक्टर रागावतील, म्हणून ते तुम्ही सांगा. जुनी गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, साखर बघून डॉक्टर ठरवतील. आणि जायच्या आधी, आज रात्रीच, आईंचे दोन्ही तळपाय आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात नीट बघा. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहणाऱ्या बायकांच्या बोटांमध्ये चिरा पडलेल्या असतात आणि शुगरमुळे त्या दुखत नाहीत. जखम, काळा डाग किंवा पू दिसला तर सोमवारपर्यंत थांबू नका, उद्याच ससूनला न्या.

वडिलांच्या ईएसआय नंबरचं काय झालं ते इथेच खाली लिहा. नंबर असेल आणि आईचं नाव त्यात चढत नसेल, तर कोणता फॉर्म भरायचा ते मी सांगते.